गेमिंग पीसीत आधी काय बदलावे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत हा प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांसह सतत विचारला जातो: "पंधरा हजार आहेत. काय बदललं म्हणजे गेम नीट चालेल?" विचारणारा बहुधा कॉलेजातला मुलगा असतो, कधी सोबत वडीलही असतात. कोणी रॅम वाढवायला सांगतो, कोणी ग्राफिक्स कार्ड बदलायला, तर कोणी म्हणतो की हा पीसीच मोडीत काढा. तिन्ही सल्ले बरोबर असू शकतात, पण एकाच पीसीला नव्हे.

कुठला भाग आधी बदलायचा हे तो पीसी, त्यावर खेळायचा गेम आणि समोरचा मॉनिटर ही तिन्ही मिळून ठरवतात. ते शोधायला इंजिनिअर असावे लागत नाही. एक संध्याकाळ, एक फुकट सॉफ्टवेअर आणि थोडा गुणाकार-भागाकार पुरतो. ही तपासणी न करता केलेली खरेदी बऱ्याचदा वाया जाते, आणि बेताच्या बजेटमध्ये एकदा चुकीच्या जागी गेलेले पैसे पुन्हा उभे करायला वर्ष लागते.

१. तक्रार नेमकी कोणती?

'गेम अडकतो' या दोन शब्दांत निरनिराळी दुखणी लपलेली असतात.

चित्र पूर्णवेळ जड चालत असेल, माउस फिरवला की सगळे दृश्य रेंगाळत सरकत असेल, तर फ्रेम रेट कमी आहे. एरवी सगळे सुरळीत, पण नव्या गल्लीत शिरताना किंवा गाडी भरधाव सोडताना मध्येच गचका बसत असेल, तर संशय रॅम, ग्राफिक्स कार्डाची मेमरी किंवा हार्ड डिस्क यांच्यावर जातो. गेम उघडायलाच मिनिटे लागत असतील तर दोष बहुतेक हार्ड डिस्कचा. ऐन लढाईत पीसी एकदम बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर आधी वीजपुरवठा करणारा एसएमपीएस आणि मग उष्णता तपासायची.

आणखी एक तक्रार या सगळ्यांत मिसळली जाते. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' खेळताना आपले चित्र गुळगुळीत असते, पण समोरचे खेळाडू इकडून तिकडे उड्या मारल्यासारखे दिसतात, मारलेली गोळी उशिरा लागते. हा इंटरनेटचा लॅग. त्यावर कुठल्याही किमतीचे ग्राफिक्स कार्ड उपयोगाचे नाही. वाय-फाय सोडून राउटरपासून थेट केबल ओढली तर मात्र फरक पडू शकतो.

२. एका फ्रेमचा हिशोब

पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एक चित्र तयार करायला १,००० भागिले ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांवर समाधान असेल तर ३३.३. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा असेल तर जेमतेम ६.९.

एवढ्या वेळात दोघांना काम उरकायचे असते. प्रोसेसर गेमचे जग चालवतो: शत्रू कुठे पळाला, गाडी कशाला धडकली, कोणकोणत्या वस्तू आता दिसायला हव्यात. ही यादी तो ग्राफिक्स कार्डाकडे देतो आणि कार्ड त्यातून प्रत्यक्ष चित्र रंगवते. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्याच्या तयारीला लागलेला असतो. स्वयंपाकघरात एक जाऊ पोळ्या लाटते आणि दुसरी भाजते, तशी ही जोडी आहे. लाटायला वीस सेकंद आणि भाजायला पन्नास लागत असतील, तर ताटात पोळी दर पन्नास सेकंदांनीच पडणार. लाटणारीने हात कितीही भरभर चालवला तरी तव्यापाशी लाटलेल्या पोळ्या नुसत्या साठत जातील.

आता आकडे घेऊ. समजा एका गेममध्ये प्रोसेसरला प्रत्येक फ्रेममागे ९ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २५. वेग ठरतो २५ वर, म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम. पैसे खर्चून प्रोसेसरचे काम ९ वरून ६ वर आणले, तरी फ्रेम ४०च. तेच पैसे अडीचपट वेगाच्या कार्डावर घातले तर २५ चे १० होतात आणि फ्रेम १०० वर जातात. इथे थांबायचे. आणखी दुप्पट वेगवान कार्ड आणले तर त्याचे काम ५ मिलिसेकंदांत होईल, पण आता प्रोसेसरचे ९ आडवे येतील आणि फ्रेम होतील १११. पहिल्या बदलाने साठ फ्रेम दिल्या, दुसऱ्याने फक्त अकरा.

आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर शंभर काय नि एकशे अकरा काय, पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलणार. फ्रेम जास्त असल्या की माउसची हालचाल किंचित लवकर उमटते एवढा फायदा होतो, पण मर्यादित बजेटमध्ये त्यासाठी हजारो रुपये घालणे योग्य नाही.

हे प्रमाण प्रत्येक गेममध्ये वेगळे असते, एवढेच नव्हे तर एकाच गेममध्येही जागेनुसार बदलते. 'जीटीए ५' मध्ये गर्दीच्या चौकात प्रोसेसर घामाघूम होतो, गावाबाहेरच्या गवताळ डोंगरावर कार्ड. म्हणून 'या प्रोसेसरला हे कार्ड चालेल का' या प्रश्नाचे उत्तर कुठला गेम ते विचारल्याशिवाय देता येत नाही.

३. मोजून पाहण्याची संध्याकाळ

'एमएसआय आफ्टरबर्नर' आणि त्याच्याबरोबर येणारे 'रिव्हाट्यूनर' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ती आकडे दाखवत राहतात. काहीच टाकायचे नसेल तर विंडोजची गेम बार आहे. विंडोजचे बटण आणि 'जी' दाबले की उघडते.

मोजण्यापूर्वी गेममधले व्ही-सिंक आणि फ्रेमवरची मर्यादा बंद करायची. नाहीतर ६० वर गेम मुद्दाम थांबलेला असतो, कार्ड ५५ टक्क्यांवर आरामात दिसते, आणि माणूस भलताच निष्कर्ष काढतो.

मग रोज जिथे अडकते त्याच ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे खेळायचे आणि कोपऱ्यात लक्ष ठेवायचे. कार्डाचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के असेल तर तेच थांबवते आहे. कार्ड ६०-७० टक्क्यांवर घुटमळते आणि फ्रेमही कमी, तर ते बिचारे प्रोसेसरकडून कामाची वाट पाहते आहे.

प्रोसेसरचा आकडा वाचताना मात्र जपायला हवे. 'सीपीयू ४० टक्के' पाहून अनेक जण तो मोकळा आहे असे समजतात. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण वापर दिसतो सुमारे ८ टक्के. गेमचे मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन थ्रेडवरच अडलेले असते. म्हणून एकूण टक्क्यांपेक्षा कार्ड रिकामे बसते आहे का, हीच खूण जास्त भरवशाची.

शंका राहिलीच तर एक सोपी परीक्षा आहे. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणायचे. १०८०पी चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात, ७२०पी मध्ये ९,२१,६००. कार्डाचे काम निम्म्याहून कमी झाले. प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहिले. फ्रेम ४२ वरून ७५ वर गेल्या तर कार्ड दोषी. ४८ च्या ५० झाल्या तर प्रोसेसर, किंवा त्याला वेळेवर माल न पुरवणारी रॅम.

४. पैसे खर्चण्याआधी

सगळ्यात स्वस्त अपग्रेड म्हणजे जे विकत घेतले आहे ते पूर्ण वापरणे, आणि बऱ्याच पीसींमध्ये ते झालेले नसते.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टला लावलेली असणे हा नेहमी आढळणारा प्रकार. अशा वेळी महागडे कार्ड बसून राहते आणि प्रोसेसरमधले साधे ग्राफिक्स काम करते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० च ठेवणे हा दुसरा. तिसरा रॅमचा: पाकिटावर ३२०० लिहिलेले असते, पण बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केल्याशिवाय ती २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर हा वेग स्पष्ट दिसतो. इंटेलचे काही स्वस्त मदरबोर्ड मुळातच २६६६ च्या वर जाऊ देत नाहीत. तिथे महागडी वेगवान रॅम घेण्यात अर्थ नाही.

मग धूळ. तीन-चार वर्षे न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा जाड थर बसलेला असतो आणि खालची थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झालेली असते. चिप ठरावीक तापमानाला पोचली, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत ते सुमारे १०० अंश असते, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीही तापलेली असते, आणि खोली जितके अंश वर गेली साधारण तितकेच अंश चिपही वर जाते. 'हिवाळ्यात नीट चालतो, उन्हाळ्यात अडकतो' अशी तक्रार असेल तर ब्रश, हवेचा ब्लोअर आणि पेस्टची छोटी ट्यूब यांनी काम भागते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. हवेने तो वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकते.

गेममधल्या सेटिंगचेही असेच. सगळे एकदम 'लो' करण्याची गरज नसते. सावल्या, प्रतिबिंबे, धुके, गवत हे कार्डावर भार टाकतात. लोकांची आणि वाहनांची गर्दी, किती दूरवरचे दिसावे, हे मुख्यतः प्रोसेसरवर. टेक्श्चरची गुणवत्ता वेगापेक्षा कार्डाच्या मेमरीवर अवलंबून असते. मेमरी शिल्लक असेल तर टेक्श्चर 'हाय' ठेवूनही फ्रेम फारशा पडत नाहीत. 'जीटीए ५' च्या सेटिंगच्या पानावर वरच मेमरीची पट्टी आहे, एकेक पर्याय बदलताना ती किती भरते ते पाहत जावे. 'सायबरपंक २०७७' मध्ये गर्दीचे वेगळे सेटिंग आहे, आणि कमकुवत प्रोसेसरवर सर्वांत आधी तेच उतरवावे.

याशिवाय एएमडीने २०२१ मध्ये आणलेले एफएसआर. गेम लहान चित्र रंगवतो आणि ते मोठे करून दाखवतो. एफएसआर २ च्या 'क्वालिटी' पर्यायात १०८०पी पडद्यासाठी आत ७२०पी चेच चित्र रंगवले जाते. एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही ते चालते; एनव्हिडियाचे स्वतःचे डीएलएसएस मात्र आरटीएक्स कार्डांनाच मिळते. बारीक तारा, जाळ्या, दूरची पाने थोडी थरथरतात, पण ३५ फ्रेमच्या जागी ५० मिळत असतील तर बहुतेकांना ते चालते.

५. रॅम: किती, आणि किती दांड्यांत

विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड मिळून तीन-चार जीबी सहज खातात. ८ जीबीच्या पीसीत गेमला उरते ते पुरत नाही, मग विंडोज काही भाग डिस्कवर टाकते, आणि डिस्क जुनी असेल तर तिथेच गचके बसतात. १०८०पी वर खेळणाऱ्याला आज १६ जीबी हे वाजवी लक्ष्य आहे.

पण आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे ते दांड्यांची संख्या. ३२०० ची डीडीआर४ रॅम एका दांडीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन दांड्या दोन वेगळ्या चॅनेलवर लावल्या तर ५१.२. स्वस्तात जोडलेल्या पीसीत बऱ्याचदा एकच दांडी असते. टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' पुढे 'वन ऑफ टू' किंवा 'वन ऑफ फोर' दिसले की दुसरी दांडी हा सगळ्यात फायद्याचा सौदा ठरू शकतो. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन दांड्या साधारणपणे प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. शेजारीशेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि दुसऱ्या दांडीचा अर्धा फायदा गेला.

ज्यांच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्डच नाही, रायझन ३ ३२००जी किंवा रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच गेम चालतात, त्यांना हा फरक डोळ्यांना दिसतो. तिथे रॅम हीच चित्र रंगवणाऱ्याचीही मेमरी असते.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी वाढली आणि रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. त्यामुळे १६ काढून ३२ बसवण्याची हौस आता महाग पडते. मोजणीत रॅम भरलेली दिसत नसेल तर तिला हात लावू नये.

६. हार्ड डिस्क काढा

या भागात फार विचार करण्यासारखे काही नाही. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि गेमच्या हजारो छोट्या फायली ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. साधा सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचतो, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. पण गेमच्या लोडिंगमध्ये हार्ड डिस्क ते सॅटा ही उडी प्रचंड, आणि सॅटा ते एनव्हीएमई ही बहुतेक गेममध्ये किरकोळ. मदरबोर्डवर एम.२ चा स्लॉट नसेल तर त्यासाठी हळहळू नये.

एसएसडीने सरासरी फ्रेम वाढत नाहीत, हे दुकानात कोणी सांगत नाही. गचके कमी होतात, लोडिंग आटपते. 'स्टारफील्ड' ने २०२३ मध्ये एसएसडी बंधनकारक म्हणून लिहिले आणि 'सायबरपंक २०७७' नेही त्याच वर्षी किमान यादीतून हार्ड डिस्क वगळली. जुनी डिस्क फोटो आणि सिनेमांसाठी राहू द्यावी.

७. ग्राफिक्स कार्ड: पैशाचा मोठा वाटा

खूप फ्रेम लागणारे स्पर्धात्मक गेम सोडले, तर मोजणीत बहुतेक स्वस्त पीसींमध्ये दोषी निघते ते कार्डच. इथे चार गोष्टी पाहायच्या.

पहिली मेमरी. ४ जीबीचे कार्ड भरले की उरलेली टेक्श्चर संगणकाच्या रॅममध्ये ठेवावी लागतात. जीटीएक्स १०५० टीआय आपल्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ११२ जीबी वाचते; रॅमकडून माहिती आणायची तर तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या) पूर्ण सोळा लेनवरूनही ती जास्तीत जास्त सुमारे १६ जीबी येते. मोठ्या गेममध्ये जे गचके बसतात त्यांचे मूळ बऱ्याचदा इथे असते. नवे कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये, फार तर ६.

दुसरी गोष्ट लेनची. आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० ही २०२२ ची कार्डे फक्त चार लेन वापरतात. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मदरबोर्डवर ते चालून जाते. पण ज्याच्याकडे तिसऱ्या पिढीचा जुना बोर्ड आहे, आणि स्वस्त कार्ड शोधणारा बहुधा तोच असतो, त्याच्याकडे हा रस्ता निम्मा होऊन सुमारे ४ जीबीवर येतो. त्यात मेमरीही ४ जीबीच, म्हणजे रस्ता अरुंद आणि त्यावर वर्दळही जास्त.

तिसरी कार्डाच्या पिढीची. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) आणि 'डूम: द डार्क एजेस' (२०२५) हे गेम रे ट्रेसिंगची सोय हार्डवेअरमध्ये असल्याखेरीज चालत नाहीत. म्हणजे जीटीएक्स कार्ड कितीही वेगवान असले तरी तिथे दार बंद. शिवाय एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. जुने गेम खेळणाऱ्याला याने फरक पडत नाही, पण आज पैसे देऊन दहाव्या मालिकेतले कार्ड घेणे पटत नाही.

चौथी, कार्ड आधी कुणाकडे होते ते. इथेरियमचे मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झाले आणि मायनिंगमधली कार्डे जुन्या बाजारात आली. मायनिंगचे कार्ड म्हणजे वाईटच असे नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पॅड भरपूर झिजलेले असतात. विकत घेण्यापूर्वी ते विकणाऱ्याच्या पीसीवर वीस मिनिटे जड गेम चालवून पाहावे: चित्रावर रंगीत ठिपके, पंख्याची घरघर, ९० च्या घरात जाणारे तापमान, यातले काही दिसले तर परत फिरावे. 'जीपीयू-झेड' हे छोटे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर सोबत न्यावे. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये फेरफार करून ते नवे म्हणून विकतात, ती नक्कल बऱ्याचदा यात उघडी पडते. आरएक्स ५८० घेताना 'शेडर्स' समोर २३०४ आहे की २०४८ ते बघावे. दुसरे कार्ड '५८० २०४८एसपी' या नावाने मिळते आणि ताकदीने ते आरएक्स ५७० च्या जवळचे असते. किंमत त्या हिशोबाने ठरवावी.

८. एसएमपीएसचे लेबल कसे वाचावे

कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला हा पत्र्याचा डबा सहसा शेवटी आठवतो. तो आधी तपासायला हवा, कारण कुठले कार्ड लावता येईल हे तोच ठरवतो.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते. त्यावर विसंबू नये. बाजूच्या लेबलवर छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टमधून घेतात. तिथे १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच खरे कामाचे. चांगल्या ४५० वॅटच्या डब्यावर हाच आकडा ३६ च्या आसपास असतो, म्हणजे ४३२ वॅट. दोन्हींवर बाहेरून ४५० च लिहिलेले.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, त्यापुढची एसएमपीएसच्या वायरने: सहा पिनची वायर ७५, आठ पिनची १५०. आरएक्स ६६०० चे रेटिंग १३२ वॅट, आणि त्याला साधारणपणे आठ पिनची वायर लागते. डब्यातून ती निघतच नसेल तर जोडणीच्या वायरी वापरून जुगाड करू नये. हलका एसएमपीएस पूर्ण भार पडल्यावर जळाला तर कार्ड आणि मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. कार्डाच्या बजेटमधून दोन-तीन हजार काढून नीट ८० प्लसचा एसएमपीएस घ्यावा, इथे कंजूषपणा नको. तो पुढच्या पीसीतही चालतो.

घरी यूपीएस असेल तर त्याचाही आकडा पाहावा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस सुमारे ३६० वॅट पेलतो. मॉनिटरसह पीसी त्यापुढे गेला की वीज गेल्यावर बॅकअप मिळण्याऐवजी सगळे एकदम बंद होते.

९. प्रोसेसर बदलताना मदरबोर्ड काय म्हणतो?

प्रोसेसर एकटा बदलता येतो की सोबत मदरबोर्ड आणि रॅमही घ्यावी लागते, यावर खर्च तिप्पट होतो की नाही ते ठरते.

इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर आणि बोर्ड एकमेकांना चालतात. आठव्या पिढीचा सॉकेट तोच, पिनाही ११५१ च, पण तो प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही. अनेकांनी आय५-८४०० घरी आणल्यावर हे कळले. एएमडीचा एएम४ सॉकेट याबाबतीत उदार निघाला. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या रायझन ५ ५६०० आणि ५८००एक्स३डी पर्यंतचे प्रोसेसर त्याच सॉकेटवर आले. बोर्ड कंपनीच्या पानावर आपल्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहायची, जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करायचे, आणि मग नवा बसवायचा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ज्या गावात वीज लपंडाव खेळते तिथे हे काम यूपीएसवरच करावे.

१०. दोन पीसी, दोन उत्तरे

पहिला पीसी: रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच दांडी, १ टीबी हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय, चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस, ६० हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. मालकाला कथा असलेले मोठे गेम खेळायचे आहेत.

मोजल्यावर कार्ड ९९ टक्के, रॅम भरलेली, आणि गावात शिरताना गचके. रॅम २४०० वर चालताना आढळते. एक्सएमपी सुरू केले की ३२००. पुढचा क्रम असा: आधी एसएसडी आणि तशीच ८ जीबीची दुसरी दांडी, कारण दोन्ही मिळून कार्डापेक्षा स्वस्त आणि गचके लगेच कमी. मग पैसे जमवून कार्ड. आरएक्स ६६०० च्या दर्जाचे ८ जीबीचे कार्ड इथे बरोबर बसते. प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १३२, बाकी सगळे मिळून पन्नास धरले तरी २५० च्या आत. एसएमपीएस बदलायला नको. ६० फ्रेमसाठी २६०० बहुतेक ठिकाणी पुरतो, म्हणून प्रोसेसर राहू द्यायचा.

याच पीसीचा मालक 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' चा खेळाडू असेल, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन बसला असेल, तर क्रम उलटतो. कमी सेटिंगवर कार्डाचे काम हलके असते आणि प्रत्येक फ्रेमला ६.९ मिलिसेकंदच मिळतात. तिथे दुसरी दांडी आणि रायझन ५ ५६०० हे पहिले, कार्ड नंतर.

दुसरा पीसी: ऑफिसातून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप, आय५-६५००, ८ जीबी रॅम, २४० वॅटचा कंपनीच्या खास जोडणीचा एसएमपीएस. असे पीसी महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावांतही जुन्या संगणकांच्या दुकानांत मिळतात आणि बऱ्याच जणांचा गेमिंगचा श्रीगणेशा त्यावरच होतो.

इथे दारे आधीच बंद आहेत. एसएमपीएस सहजी बदलता येत नाही, कार्डासाठी वेगळी वायर नाही, म्हणजे स्लॉटच्या ७५ वॅटमध्ये भागणारेच कार्ड हवे: वेगळी वायर न लागणारे जीटीएक्स १६५०, किंवा त्याहून बरे म्हणजे २०२४ मध्ये आलेले ७० वॅटचे ६ जीबी आरटीएक्स ३०५०. कॅबिनेट पातळ असेल तर अर्ध्या उंचीचे कार्ड. पट्टी घेऊन आतली जागा मोजूनच दुकानात जावे. प्रोसेसर चार कोअरचा आणि चारच थ्रेडचा, त्यामुळे गर्दीच्या गेममध्ये गचके राहणार. त्या बोर्डावर फार तर आय७-६७०० किंवा ७७०० बसतो, तोही कंपनीच्या बायोसने मान्य केला तर. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेल मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते; सहावी पिढी त्यात नाही.

म्हणून या पीसीच्या प्रोसेसर-बोर्डावर एक रुपयाही घालू नये. एसएसडी घ्यावा, रॅमची दुसरी दांडी जुन्या बाजारातून मिळवावी, आणि कार्ड घ्यावे ते पुढेही उपयोगी पडेल असे. 'जीटीए ५' आणि 'काउंटर-स्ट्राइक २' एवढ्यावर नीट खेळता येतात. नव्या पीसीचे पैसे जमतील तेव्हा कार्ड आणि एसएसडी काढून तिकडे लावता येतात. रॅम मात्र दोन अटींवर: जुनी दांडी डेस्कटॉपच्या आकाराची डीडीआर४ असली पाहिजे, आणि नवा मदरबोर्डही डीडीआर४ चाच घेतलेला असला पाहिजे.